ब्रँड खुशाल बदला, घडीच्या फोनचा हिशेब मात्र वेगळा मांडा

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात मानपाड्याला राहणाऱ्या आणि ऐरोलीला नोकरी करणाऱ्या एका ताईंकडे २०२१ सालचा सॅमसंग ए५२ आहे. त्याआधीचे दोन फोनही सॅमसंगचेच. ऑफिसातल्या मैत्रिणीचा घडीचा, म्हणजे मधोमध दुमडून मिटणारा फोन बघितल्यापासून तो त्यांच्या डोक्यातून जात नाही. मोटोरोलाचा असाच फोन, रेझर ६०, त्यांच्या बजेटात, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास बसतो. मिस्टरांचं म्हणणं, चालतंय ते कशाला सोडायचं, आणि नुसत्या दिसण्यासाठी एवढे पैसे घालणं हा वेडेपणा आहे. ताईंच्या हातात सॅमसंगचं घड्याळ आहे, भिशीचा हिशेब सॅमसंग नोट्समध्ये आहे, मुलांचे फोटो मेमरी कार्डावर आहेत. एकदा स्क्रीन फुटून बदलून झाली आहे. विचारतात, ब्रँड बदलू का, आणि बदलला तर काय काय अडेल?

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत आणि घरात वाद होतोय तो त्यामुळेच. सॅमसंग सोडून मोटोरोला घ्यावा का, हा एक. साधा सरळ फोन सोडून घडीचा घ्यावा का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी उभ्या उभ्या देतो: घ्या, काही बिघडत नाही, शनिवार-रविवारचं काम आहे. दुसऱ्यासाठी बसून हिशेब करावा लागेल. मिस्टर विरोध करतायत पहिल्याला, आणि खरी जोखीम आहे दुसऱ्यात.

आधी वेडेपणाचं बघू. गावदेवी परिसरात मी वीसेक वर्षं मोबाइल विकतोय आणि दुरुस्त करतोय. काउंटरवर येणारं गिऱ्हाईक कॅमेऱ्याचं विचारतं, प्रोसेसरचं विचारतं, बॅटरीचं विचारतं आणि शेवटी रंगावर फोन घेतं. घरी जाऊन सांगतं, कॅमेरा चांगला होता म्हणून घेतला. तुम्ही निदान खरं बोलताय. दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा हातात येणारी वस्तू आवडती असावी, यात मला काही वावगं वाटत नाही.

फक्त एक बघायचं, ते रूप कव्हराखाली टिकतं का? रंग निवडायला पाऊण तास घालवून वर काळं जाड कव्हर चढवणारे रोज बघतो. पारदर्शक कव्हर घेतलं तर ते वर्षभरात पिवळं पडतं. २०२५ मध्ये बारीक फोनांची टूम निघाली. सॅमसंगचा एस२५ एज ५.८ मिलिमीटरचा, आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा. दुकानात हातात घेतले की माणूस हरखून जातो. कव्हर घातलं की तो बारीकपणा गेला, आणि एस२५ एजमध्ये त्या बारीकपणापायी पत्करलेली ३९०० एमएएचची बॅटरी मात्र तेवढीच राहिली. घडीच्या फोनाचं तसं नाही. त्याची ऐट रंगात नाही, मिटण्या-उघडण्यात आहे, आणि ती कव्हर घालूनही राहते. म्हणजे आवडीपोटीच पैसे घालायचे असतील तर तुम्ही निवडलेली गोष्ट तितकी पोकळ नाही. हे मिस्टरांना सांगायला हरकत नाही.

आता ब्रँड. ‘सॅमसंग चांगला’, ‘मोटो मजबूत’ ही वाक्यं दुकानदार म्हणून मला फार कामाची वाटत नाहीत. एकाच कंपनीच्या बारा हजारांच्या आणि लाखाच्या फोनात नावाशिवाय फारसं सारखं काही नसतं. शिवाय नावाचे मालकही बदलत असतात. २००४ साली रेझर व्ही३ काढून सगळ्यांना वेड लावणारी मोटोरोला आणि आजची मोटोरोला एक नाही. तिचा मोबाइलचा धंदा २०१२ मध्ये गुगलने घेतला आणि २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला. नोकियाचं तेच. एकेकाळी टीव्ही-फ्रिजच्या विश्वासावर लोक एलजीचे फोन घ्यायचे, त्या एलजीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा ‘आपला ब्रँड’ ही निष्ठा ठेवायचीच तर मॉडेलवर ठेवावी, आणि तीही त्याचे सिक्युरिटी अपडेट येतायत तोवर.

अपडेटवरून आठवलं. तुमच्या ए५२ला सॅमसंगने चार वर्षं सिक्युरिटी अपडेट देऊ असं सांगितलं होतं. ती मुदत संपली. फोन उद्या बंद पडणार नाही, व्हॉट्सअ‍ॅपही चालत राहील. पण त्याच फोनवर बँकेची अ‍ॅप आहेत, यूपीआय आहे, त्यामुळे आणखी तीन वर्षं तोच वापरा असं मी म्हणणार नाही. ‘चालतंय ते सोडू नये’ हा मुद्दा इथे थोडा लंगडा पडतो. सोडायचं आहेच, कुठे जायचं एवढाच प्रश्न आहे.

ब्रँड बदलताना काय अडतं? अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणार असता तर यादी लांबली असती. तुम्ही अँड्रॉइडमध्येच राहताय, त्यामुळे कॉन्टॅक्ट, फोटो, अ‍ॅप हे सगळं नवा फोन सुरू करतानाच केबल लावून गुगलमार्फत येतं. अडचण येते ती सॅमसंगच्या स्वतःच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूंची.

सगळ्यात आधी सॅमसंग नोट्स. हे अ‍ॅप दुसऱ्या कंपनीच्या अँड्रॉइड फोनावर मिळत नाही. भिशीचा हिशेब आजच पीडीएफ किंवा टेक्स्ट करून स्वतःला मेल करा आणि पुढचा गुगल कीप नाहीतर गुगल शीट्समध्ये ठेवायला लागा. फोन घेतल्यावर नव्हे, आत्तापासून. भिशीच्या मध्यावर हिशेबाची वही बदलली की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सिक्युअर फोल्डर, म्हणजे सॅमसंगचा कुलूपबंद कप्पा, वापरत असाल तर त्यातलं काहीही आपोआप पलीकडे जात नाही. आधार, पॅन, पॉलिसी, जे काही आत टाकलं असेल ते एकेक करून बाहेर काढा. कॉन्टॅक्ट कुठे सेव्ह होतात तेही बघून घ्या. बऱ्याच जणांचे निम्मे नंबर गुगलवर, निम्मे ‘फोन’वर आणि सासूबाईंच्या डॉक्टरांचा नेमका सिममध्ये असतो. सगळे गुगल अकाउंटवर आणून ठेवा.

मेमरी कार्डाचं नीट ऐका. रेझर ६०मध्ये कार्डाला जागाच नाही. सॅमसंगच्या घडीच्या फोनात, म्हणजे फ्लिपमध्येही नाही. म्हणजे मुलांचे फोटो कार्डावरून कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे लागतील. कधीकाळी सेटिंगमध्ये जाऊन कार्ड एन्क्रिप्ट केलं असेल तर ते फक्त याच फोनात उघडेल. ए५२ विकल्यावर किंवा फॉरमॅट केल्यावर त्या कार्डातून काही काढून द्या म्हणून माझ्याकडे आलात तर मी हात जोडेन. कार्डवाल्या फोनामुळे मुबलक जागेची सवय लागलेली असते, तेव्हा नवा घेताना २५६ जीबीच्या खाली जाऊ नका.

घड्याळ मोटोरोलाबरोबर चालेल. पावलं, झोप, नोटिफिकेशन सगळं येईल. ईसीजीसारख्या काही सोयी फक्त सॅमसंगच्या फोनाबरोबर चालतात, त्या जातील. त्या तुम्ही खरोखर वापरता का, की घड्याळ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा करून बघितलं होतं? फोन बदलताना घड्याळ रिसेट करून नव्याने जोडावं लागू शकतं, तर आधी सॅमसंग हेल्थमधली नोंद अकाउंटला सिंक झाली आहे याची खात्री करा. हेल्थचं अ‍ॅप इतर अँड्रॉइडवर मिळतं, त्यामुळे जुन्या नोंदी तिथे दिसतील. (तुम्ही आयफोनकडे वळला असता तर हे घड्याळ कपाटात गेलं असतं. आजची गॅलेक्सी वॉच आयफोनशी जुळत नाही.)

वायरचे इअरफोन वापरत असाल तर ए५२ला त्याचं भोक होतं, इथे नाही. टाइप-सीचा कनेक्टर घेणार असाल तर आत डीएसी, म्हणजे डिजिटल आवाज इअरफोनसाठी बदलून देणारी चिप, असलेला घ्या. प्लॅटफॉर्मबाहेर मिळणारे स्वस्तातले सगळ्या फोनांवर चालत नाहीत. फोन लावताना आवाज रेकॉर्ड करायची सवय असेल तर तेही सांगून ठेवतो: सॅमसंगचा डायलर गुपचूप रेकॉर्ड करतो, मोटोरोला गुगलचा डायलर देते आणि त्यात समोरच्याला ‘कॉल रेकॉर्ड होतोय’ अशी सूचना ऐकू जाते. मराठी टायपिंगची काळजी नको. जीबोर्ड दोन्हीकडे तोच. सॅमसंगच्या कीबोर्डला शिकवलेले शब्द तेवढे पुन्हा शिकवावे लागतील.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी गुगल ड्राइव्हचा बॅकअप चालतो, पण तो आता तुमच्या १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जातो आणि सगळे ग्रुप, सगळे गुड मॉर्निंग धरून तो फुगलेला असतो. त्यापेक्षा दोन्ही फोन शेजारी ठेवा, जुन्यात सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात ‘ट्रान्सफर चॅट्स’, नव्या फोनात दिसणारा क्यूआर कोड जुन्याने स्कॅन करा, झालं. सिम बदलायच्या आधी नको, नंतर करा, पण जुन्यातलं व्हॉट्सअ‍ॅप तोवर काढून टाकू नका.

यूपीआयला मात्र थोडा त्रास आहे. नव्या फोनात प्रत्येक अ‍ॅप बँकेत नोंद असलेल्या सिमवरून स्वतः एसएमएस पाठवून ओळख पटवतं. त्या सिमच्या पॅकमध्ये बाहेर जाणारे एसएमएस आहेत ना, ते बघा. नंबर बँकेशी जोडलेलं सिम नव्या फोनात टाका. डेबिट कार्ड जवळ ठेवा, पिन लागू शकतो. आणि पहिले २४ तास बऱ्याच बँका रकमेची मर्यादा खाली ठेवतात, तर मुलाची फी भरायच्या दिवशी फोन बदलू नका. दोन-चारशे रुपये रोख जवळ असू द्या.

एवढंच. ब्रँड बदलण्यात याहून मोठं संकट नाही. जुना चार्जर चालेल, फक्त सावकाश.

आता घडी. इथे मी जरा वेळ घेणार आहे.

लोक बिजागरीला घाबरतात. ‘किती दिवस उघडझाप सहन करेल?’ २०२० साली पहिला फ्लिप आला तेव्हा सॅमसंगने दोन लाख घड्यांचा आकडा दिला होता. दिवसाला शंभर वेळा उघडला तरी साडेपाच वर्षांच्या जवळ जातो. बिजागरी हा आज काळजीचा भाग राहिलेला नाही. काळजीचा भाग आहे आतली स्क्रीन. तिच्यावरची काच केसापेक्षा बारीक असते, वाकली पाहिजे ना. तिच्यावर कंपनीनेच एक फिल्म लावलेली असते. ती स्क्रीनगार्ड समजून काढणारे महाभाग आहेत. ती काढायची नसते, ती स्क्रीनचाच भाग आहे असं समजा. आणि तिच्यावर बाजारातलं टेम्पर्ड लावायचं नसतं. कुणी दुकानदार ‘लावून देतो’ म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर या.

ही फिल्म कुठून खराब होते ते सांगतो, कारण हे जाहिरातीत दिसत नाही. मिटलेला फ्लिप एका हाताने उघडायला अंगठा पुरत नाही. मग माणूस दोन भागांच्या फटीत अंगठ्याचं नख घालून तो उचकटतो. नख रोज एकाच जागी, आतल्या कडेवर टेकतं. काही महिन्यांनी तिथे बारीक टोचा पडतो, फिल्मची कड सुटते, त्यात धूळ बसते, मग घडीच्या रेघेवर हवेचा लांबट फुगा दिसायला लागतो. इथवर आलेलं काम सर्व्हिस सेंटर नवी फिल्म लावून सावरू शकतं. पण लोक ती सुटलेली कड बोटाने दाबत राहतात नाहीतर ओढून बघतात, आणि ओढताना खालची काच गेली की संपलं. नखं वाढवायची आवड असेल तर दोन्ही हातांनी उघडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. गर्दीच्या लोकलमध्ये एक हात दांड्याला असताना फोन उघडायचाच नाही. तेवढ्यासाठी बाहेरची छोटी स्क्रीन आहे.

दुसरा शत्रू धूळ. धूळ-पाण्यापासून फोन किती बचावतो हे आयपी नावाच्या मानांकनाने सांगतात. तुमचा ए५२ आयपी६७ होता. त्यातला पहिला आकडा, ६, म्हणजे धूळ आत जाणार नाही. रेझर ६० आयपी४८ आहे, सॅमसंगचा फ्लिप६सुद्धा. इथला ४ म्हणजे एक मिलिमीटरहून मोठी वस्तू आत जाणार नाही, एवढंच. बारीक रेतीबद्दल त्यात कुठलंच वचन नाही. पाण्याचा आकडा दोघांचाही चांगला आहे, पण घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामापायी गेली काही वर्षं जी धूळ उडते ती तुम्ही रोज बसमध्ये खाताय. फोनही खाईल. पर्समध्ये तो मोकळा टाकू नका, चेनवाल्या कप्प्यात एकटा ठेवा. मिटताना आत काही नाही ना, ते बघा. टिकलीचं पाकीट, घडी केलेली पावती, इअरफोनची वायर, काहीही मध्ये राहून फोन दाबून मिटला की जी चीर पडते ती पडतेच.

पाण्याचंही एक वाक्य. आयपीच्या चाचण्या गोड्या पाण्यात, नव्या फोनावर होतात. पाण्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, आकडा कितीही असला तरी. जुलैत छत्रीत न मावणारा पाऊस असतो तेव्हा आयपी४८च्या भरवशावर रस्त्यात फोन काढू नका.

आणि पैसे. तुमच्या ए५२ची स्क्रीन फुटली तेव्हा गावदेवीत, स्टेशनजवळ, कुठेही त्याच दिवशी बदलून मिळाली असणार. (सहज विचारतो, त्यानंतर स्क्रीनवर बोटाचा ठसा लागतो का? लागत नसेल तर तुम्हाला कॉपी डिस्प्ले बसवून दिलाय. ए५२चा सेन्सर स्क्रीनच्या खाली असतो आणि स्वस्तातल्या एलसीडी कॉपीमधून तो वाचू शकत नाही.) घडीच्या फोनाला ही बाजारातली सोय नाही. नुसती काच बदलायचं काम, जे आम्ही साध्या फोनावर करून पैसे वाचवून देतो, ते इथे होत नाही. आतली पूर्ण स्क्रीन, तीही बहुधा फ्रेमसकट, अधिकृत सेंटरकडूनच. फोनाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे खर्च येईल असं धरून चाला. म्हणून माझा नियम साधा आहे: घडीचा फोन घेताना स्क्रीनच्या संरक्षणाचा कंपनीचा प्लॅन त्याच बिलात घ्यायचा, आणि तो पैसा फोनाच्या किमतीतच धरायचा. पन्नास हजारांचा फोन म्हणून बघू नका, प्लॅनसकट किती होतात ते बघा. तो आकडा झेपत नसेल तर फोन झेपत नाही. तुमच्या हातून एक स्क्रीन फुटलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

पैसे देण्याआधी ठाण्यातल्या सेंटरला फोन करून एकच विचारा: घडीची स्क्रीन तुमच्याकडे बदलता की पुढे पाठवता? काही छोटी सेंटरं फोन फक्त जमा करून घेतात, काम दुसरीकडे होतं, आणि आठ-दहा दिवस फोनाशिवाय काढावे लागतात. डेटा पुसला जाऊ शकतो ते वेगळंच.

दुकानात डेमोचा फोन कसा बघायचा? सेल्समनच्या हातून नव्हे, स्वतःच्या हाताने. ट्यूबलाइटखाली तिरका धरा, घडीची रेघ दिसेल. ती सगळ्यांना असते, कुणाला कमी कुणाला जास्त. बोटाने वरून खाली सरकवा आणि तिथे बोट अडखळल्यासारखं वाटतं का, ते बघा. काहींना दोन दिवसांत सवय होते, काहींना ती रेघ कायम खुपते. तुम्ही कुठल्या, ते पाच मिनिटांत कळतं. मग फोन कानाजवळ धरून हळू मिटा. करकर ऐकू येता कामा नये. अर्धा उघडा टेबलावर ठेवून बघा, उभा राहतो का. त्यानंतर दहा मिनिटं मिटलेल्या फोनावरच कामं करा: मेसेजला उत्तर, क्यूआर स्कॅन, गाणं बदलणं. घडीच्या फोनाचा खरा फायदा हाच आहे, आणि इथे ब्रँडचा फरक पडतो. रेझरच्या बाहेरच्या ३.६ इंची स्क्रीनवर जवळजवळ कुठलंही अ‍ॅप उघडतं. सॅमसंगच्या फ्लिप६ला ३.४ इंच आहेत, पण तिथे मोजकीच कामं सरळ होतात. बाकीच्यासाठी ‘गुड लॉक’ नावाचं अ‍ॅप घालून खटपट करावी लागते. मैत्रिणीचा फोन तुम्हाला आवडला तो मिटलेला आवडला की उघडलेला, हे आठवून बघा.

आणि आता तो तिसरा रस्ता, जो तुम्ही विचारलाच नाहीत. घडी हवी, पण ब्रँड बदलायचा कंटाळा, असं असेल तर सॅमसंगचाच थोडा आधीचा फ्लिप बघा. फ्लिप६ जुलै २०२४ मध्ये १,०९,९९९ रुपयांना आला होता. अशा फोनांचे भाव वर्षभरात बरेच उतरतात, आणि दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये आणखी. नोट्स, सिक्युअर फोल्डर, घड्याळ, सगळं जसंच्या तसं. शिवाय फ्लिप६ला सॅमसंगचं सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे, म्हणजे २०३१पर्यंत. मोटोरोलाचं आश्वासन त्याहून बरंच कमी आहे. कुणी फ्लिप५ स्वस्तात देत असेल तर त्याला सात वर्षं नाहीत हे लक्षात ठेवा. उलट बॅटरीत रेझर पुढे आहे. तुमच्या ए५२इतकीच, ४५०० एमएएच. फ्लिप६ची ४००० आहे. सकाळी आठला मानपाड्याहून निघून रात्री घरी येणाऱ्या माणसाला हा फरक संध्याकाळी जाणवतो.

माझा कौल विचाराल तर सात वर्षांच्या अपडेटपायी घडीच्या फोनाला जास्त मार्क देऊ नका. सॉफ्टवेअर सात वर्षं चालेल, ती वाकणारी स्क्रीन हाताळणीत सात वर्षं काढेल असं मी छातीठोक सांगणार नाही. घडीचा फोन तीन, फार तर चार वर्षांच्या हिशेबाने घ्यावा. ए५२सारखा पाच वर्षं वापरून मग सासूबाईंना द्यायचा बेत असेल तर घडीचं नावच काढू नका, त्या बजेटात साधा, देखणा फोन घ्या, कुठल्याही ब्रँडचा. पण तीन-चार वर्षांत बदलायची तयारी आहे, प्लॅनचे पैसे बाजूला काढता येतायत आणि दुकानातली ती दहा मिनिटं आवडली, तर रेझर घ्या. मिस्टरांनी सॅमसंगच म्हणून हट्ट धरला तर सेलमध्ये फ्लिप६. वाईट पर्याय एकच: घडीचाच हवा म्हणून कुठून तरी वापरलेला, बिल नसलेला फोन उचलणं. साध्या फोनात सेकंडहँड चालतं. घडीच्या फोनात आधीच्या मालकाने नखं कशी वापरली ते बाहेरून कळत नाही.

घेताना पक्कं जीएसटी बिल मागा, त्यावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनाचा स्वतःचा ओळख नंबर, लिहिलेला असू द्या. *#०६# दाबून फोनात दिसणारा नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा जुळवा. खात्री करायची असेल तर इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, एक जागा सोडून तो पंधरा आकडी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. सरकारी नोंद कळते. आधीचं मॉडेल असेल तर खोक्यावर बनवल्याचा महिना बघा, फार दिवस पडून राहिलेली बॅटरी नको. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलत म्हणून वजा होतं, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच बिलात येते, तेवढी धरा.

ए५२ एक्स्चेंजमध्ये लगेच देऊ नका. पाच वर्षांच्या फोनाचे मिळून मिळून किती मिळणार, आणि कार्डावरचा एखादा फोल्डर उतरवायचा राहिला हे आठ दिवसांनीच आठवतं. महिनाभर चार्ज करून घरात ठेवा. मग द्यायचा असेल तर आधी त्यातून गुगल आणि सॅमसंग दोन्ही अकाउंट काढा आणि त्यानंतर फॉरमॅट करा. अकाउंट न काढता बाहेरून फॉरमॅट केला तर पुढच्या माणसाला तो तुमचाच पासवर्ड मागत बसतो, आणि तो माणूस फोन घेऊन माझ्याकडे येतो.